बोक्याचा रविवार

घटस्फोट झाला तेव्हा आमचा कुत्रा बोक्या लेकीच्या बाबाकडे गेला आणि लेक माझ्याकडे राहिली. महिन्यातला एक रविवार बोक्या आम्हाला मिळतो. या वेळी लेकीला सर्फिंगच्या फळीवर लाटेत उभं राहायला शिकायचं होतं, म्हणून सकाळीच समुद्रावरच्या या निवांत गावात आलो. इथे कुणालाच कसली घाई नाही. दुपारपर्यंत तिच्या बाबाचे चार फोन येऊन गेले होते. पाचवा आला तेव्हा माझं डोकं फिरलं.

"खारं पाणी प्यायला का तो?"

"नाही."

"वाळू तापली असेल. पाय भाजतील त्याचे."

"सावलीत बसलाय. माझ्या चपलांवर."

"आणि कान? पाण्यातून आला की लगेच पुसायचे, किती वेळा सांगितलंय. तुझा काही भरवसा नाही."

"पुसलेत," मी दात आवळून म्हटलं. "दोन्ही."

"दे त्याला."

मी फोन बोक्याच्या कानाला लावला. पलीकडून "माझा राजा, माझं पिल्लू" सुरू झालं. बोक्याची शेपटी वाळूत आपटत राहिली.

तेवढ्यात लेक पाण्यातून धावत आली. केस निथळत होते. "बाबा आहे? मला दे. मी तीनदा उभी राहिले." तिने हात पुढे केला.

मी फोनकडे पाहिलं. त्याने ठेवून दिला होता, नेहमीसारखा.

तो बंद फोन मी कानाला लावला, दुसऱ्या हाताने टॉवेल ओढला आणि खेकसले, "हो रे, कळलं. तिचेही कान पुसते."