उस्तादांची शिकवणी

सोलेन खुर्चीवरून धाडकन पडली. उस्तादांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"पडायच्या आधी माझ्याकडे बघतेस," ते म्हणाले. "मग मला कळतंच ना. बाहेर जा. परत ये."

पॅरिसच्या विदूषक-शाळेने 'तुला बघून कुणी हसणार नाही' असं तोंडावर सांगून सोलेनला काढलं होतं. आपल्या गावी नांतला परतल्यावर तिने लाल नाक टाकूनच दिलं असतं. पण एका नर्स मैत्रिणीच्या आग्रहाखातर ती आंब्रवाझ उस्तादांच्या खोलीत गेली, दोन कोलांट्या मारल्या. ते एवढंच म्हणाले, "वाईट. उद्या ये."

तेव्हापासून ती रोज येई. उस्ताद खिडकीशी गुडघ्यांवर पांघरूण घेऊन बसत. डोक्यावर एक केस नव्हता, पुढचे दोन दात पडलेले, नर्सच्या आधाराशिवाय चालवत नसे. बिनमिठाच्या सूपवर त्यांचा राग, आणि तो निघे सोलेनवर.

"उस्ताद, एकदा तरी हसा की."

"हसू आलं तर हसेन. खोटं नाही हसणार."

कधी त्यांना डोळे उघडवत नसत. मग ती नुसत्या आवाजांवर खेळ करी. एकदा तेही सोसवेना. ती त्यांचा हात धरून बसून राहिली.

"आजची शिकवणी बुडली," ते पुटपुटले.

"भरून काढू," ती म्हणाली, आणि बाहेर जाऊन रडली.

पुढच्या महिन्यात त्यांच्या अंगात थोडी ताकद आली. त्याच सुमारास आत येताना सोलेनची बाही दाराच्या कडीत अडकली. ओढली तर आणखी गुंतली. उस्ताद आहेत हेच ती विसरली. "माफ करा, बाई," ती दाराला कळवळून म्हणाली, "जाऊ द्या मला."

मागून खोकल्यासारखा आवाज आला. ती घाबरून वळली. उस्ताद हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"हे येतं तुला," ते म्हणाले. "हेच करत जा."

घरी जायच्या दिवशी ते स्वतःच्या पायांनी चालत निघाले. सोलेनने कमरेत वाकून त्यांना निरोप दिला.

"रडू नकोस," ते म्हणाले. "आता तुला शिकवायचं काही उरलं नाही."

मुलांच्या वॉर्डाच्या दारात आई कोट घेऊन उभी होती. "चल रे, आंब्रवाझ," ती म्हणाली. "आणि सोमवारी पहिलीच्या वर्गात बाईंसमोर असली उस्तादी नको हं."