साडेअठरा इंच

“साडेअठरा,” हवालदार ऋतिका म्हणाली. तिने बंदुकीच्या नळीतून वेताची काठी बाहेर काढली, अंगठ्याने धरलेल्या खुणेपर्यंत पुन्हा टेप लावला. “साडेअठराच.”

विघ्नेशने परवान्याचं जुनं पुस्तक तिच्यापुढे धरलं. वडिलांच्या नावाखाली स्वच्छ लिहिलं होतं: ठासणीची बंदूक, एकनळी, नळी बावीस इंच.

“मग साडेतीन इंच गेले कुठे?” ऋतिकाने विचारलं.

वडील, आत्माराम, झोपेतच गेले त्याला आठ महिने झाले होते. उमेळ्यातली केळीची वाडी त्याच्या नावावर झाली होती, आता पीक संरक्षणाची ही बंदूक व्हायची होती. त्यासाठीच ऋतिका घरी तपासणीला आली होती.

वीस इंचांच्या वरची नळी असली की ती शेतकऱ्याची बंदूक. खाली गेली की वर्ग वेगळा, परवाना वेगळा. आणि परवानगीशिवाय नळी कापली असेल तर सरळ गुन्हा. एवढं विघ्नेशला पाठ झालं होतं. नळी मोजायची कशी, हे मात्र तीन शहाण्यांनी तीन तऱ्हांनी सांगितलं होतं. एजंट म्हणाला बाहेरून, वकील म्हणाला आतून, आणि कचेरीतल्या कारकुनाने “दोन्ही” म्हणून जेवणाचा डबा उघडला. बाहेरून मोजावं तर नळीचं बूड लाकडात गडप झालेलं. ते नेमकं कुठे संपतं हे लाकूड सोलल्याशिवाय कळायचं नाही.

“पण नेम धरायची टोकाची माशी जागेवर आहे की,” तो म्हणाला. “कापली असती तर माशी गेली असती.”

“डाग देऊन परत बसवता येते.” ऋतिकाने वहीत काहीतरी लिहिलं. “सोमवारी बंदूक घेऊन ठाण्यात या. साहेब ठरवतील. घरात अजून कोणाचा हात लागतो का, ते आधी आठवून ठेवा.”

“झालं ना मोजून?” म्हणत त्याची आई, जयवंती, पुढे आली. दोन वर्षांपूर्वी विहिरीच्या काठावर घसरल्यापासून तिचं डावं मनगट वाकडं राहिलं होतं. तरी बंदूक तिने स्वतःच उचलून आत नेली.

ऋतिका गेली आणि विघ्नेशला खरी भीती वाटायला लागली. तो बँकेत नोकरीला होता. गुन्हा नोंदला गेला तर नोकरीवर पाणी सोडावं लागलं असतं, तेही न केलेल्या गोष्टीसाठी. भिंतीवर वडिलांचा हार घातलेला फोटो होता. देवळाच्या कमिटीत तीस वर्षं, गावात मान, वानरं केळीत उतरली की पडवीतून बार काढणारा माणूस. त्यांच्या हयातीत बंदुकीला बोट लावायची कोणाची हिंमत नव्हती. म्हणजे जे झालं ते नंतर झालं.

नंतर म्हणजे कधी, हेही त्याला लगेच सुचलं. दिवस-कार्य उरकल्यावर तो आईला महिनाभर नायगावच्या आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला होता. घराची चावी होती शेजारच्या चुलत भावाकडे, सिद्धेशकडे. सिद्धेशला आपल्या लगतच्या हिश्श्यासकट सगळी वाडी बिल्डरला द्यायची होती, विघ्नेश सही करत नव्हता. आणि सिद्धेश पोटासाठी करायचा काय, तर खिडक्यांच्या ग्रिल. दिवसभर लोखंड कापायचं आणि जोडायचं.

रविवारी सकाळी तो सिद्धेशच्या शेडमध्ये जाऊन उभा राहिला.

“चावी तुझ्याकडे होती, तेव्हा बंदूक बघितलीस?”

सिद्धेशने मशीन बंद केलं. “बघितली. हात नाही लावला.”

“का?”

“काकूने बजावलं होतं, हात लावू नको.”

“तुलाच बरं बजावलं?”

“ते तिला विचार ना, भाऊ. तुमच्या घरातलं मला काय विचारतो?” त्याने नजर चुकवली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

विघ्नेशला तेवढं पुरलं. निर्दोष माणूस अंगावर आला असता, भांडला असता. हा तर मान खाली घालून पट्टी कापत बसला. बाबांच्या बंदुकीवर हात टाकून मला तुरुंगात धाडायला निघालास काय, असं मनात म्हणत तो तरातरा घरी आला आणि तक्रार लिहायला बसला. चावी, ग्रिलचं काम, वाडीचा वाद, सगळं त्याने तारखांसह लिहिलं. खाली सही ठोकली.

आई ताट घेऊन आली. कागदावरचं नाव वाचून ती तिथेच थांबली.

“सिद्धेशचं नाव काढ.”

“का? आत गेला तर चांगली अद्दल घडेल.”

“त्याला दोन लहान पोरी हायत. काढ नाव.”

“आणि मी आत गेलो तर? माझी नोकरी गेली तर?” त्याचा आवाज चढला. “उद्या साहेबांना मी काय सांगू? साडेतीन इंच हवेत विरले?”

आईने ताट खाली ठेवलं. भिंतीवरच्या फोटोकडे पाठ करून, वाकडं मनगट चोळत ती खाटेवर बसली.

“नळी कापली नाय कोनी. बावीसच्या बावीस हाय. काठी आत टेकते, ती बुडाला नाय टेकत.”

“मग कशाला टेकते?”

“दारू हाय, काथ्या हाय, छर्रे हायत. मी ठासलेत.”

विघ्नेशने पेन खाली ठेवलं. “तू? वानरांसाठी?”

“वानरांसाठी नाय,” आई म्हणाली. “तुजा बाप त्या सकाळी उठलाच नाय, म्हनून तशीच राह्यली.”