गोठ्यातली पाहुणी

म्हशी विकल्यावर सुनेने रिकामा गोठा सारवला आणि खाट टाकून पुण्याच्या लोकांना राहायला भाड्याने दिला, तेव्हा हौसाबाईंनी नाक मुरडलं होतं. पण माणसं येत राहिली. सून त्यांना हसतमुखाने उशाशी चहा नेऊन देई, आणि घरात सासूने पाणी मागितलं की म्हणे, "माठ तिथंच आहे."

सोमवारी गोठा रिकामा झाला. हौसाबाईंनी कनवटीच्या नोटा सुनेच्या हातावर ठेवल्या, लुगड्यांची पिशवी उचलली. अंगण ओलांडून त्या गोठ्यातल्या खाटेवर ऐसपैस बसल्या.

सुनेने नोटा मोजून कमरेला खोचल्या. मग दारात येऊन अदबीने म्हणाली, "चहात साखर किती घालू, मॅडम?"

"दोन चमचे. पाय चेपून देता का तुमच्याकडं?"

"त्याचे वेगळे पडतात."

"लावा."

संध्याकाळी सून पाय चेपत असताना हौसाबाईंचा म्हातारा उशी काखोटीला मारून दारात आला. "सरक जरा. घरात मला कुणी विचारत नाही."

हौसाबाईंनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "अहो मालकीणबाई, तुमच्या गोठ्यात कुणीही शिरतं का? यांच्याकडं आधी लग्नाचा दाखला मागा."