पडद्यामागचा जहाजवाला

जहाजवाल्यानं तलवार उपसली ती उजव्या हातानं, आणि शोभाच्या टाळ्या अर्ध्यातच थांबल्या.

खापरखेड्याच्या वीज कॉलनीचं सारं मैदान टाळ्या पिटत होतं. दोन बांबूंना ताणून बांधलेला पांढरा पडदा वाऱ्यानं फुगत होता, त्यामुळे त्यावरचा समुद्र खराखुरा हेलकावत होता. समुद्र कोणी पाहिला होता हो इथं? पण सत्तावन्न साली आलेला तो सिनेमा सतरा वर्षांनी परत येणार म्हटल्यावर माणसं दुपारपासून सतरंज्या टाकून बसली होती. त्यातल्या जहाजवाल्यासारखी मिशी ठेवून हिंडणारे तेव्हाचे पोरगे आता पार टकले झाले होते, तरी त्याचं नाव निघालं की अजून छाती काढून चालायचे. शोभाचा नवरा पुढे, वीजघरातल्या आपल्या पाळीच्या मंडळींत जाऊन बसला होता.

शोभाला टेकून बसलेली तिची आठ वर्षांची प्रेमिला मात्र पडदा सोडून आईकडे पाहत होती.

"आई, तू तं म्हणत होती तो डावखुरा हाये."

"हाये वं. म्हणजे... थांब, पाहू दे मले."

पाहायचं काय कपाळ! वार उजव्या हाताचा, दोर धरला तो उजव्या हातानं, सलाम ठोकला तोही उजव्यानंच. प्रेमिला डावखुरी. तिची आजी, म्हणजे शोभाची सासू सत्यवतीबाई, जेवताना आणि पाटीवर लिहिताना तिच्या डाव्या हाताला चिंधी बांधून ठेवायच्या. पोर हुंदके द्यायची, आणि शोभा तिला कुशीत घेऊन सांगायची, की जहाजवालासुद्धा डाव्या हातानंच लढतो, एकटा सारं जहाज जिंकतो, पाहशील तू एक दिवस. त्या एका माणसाच्या भरवशावर पोरीनं वर्षभर तग धरला होता.

"म्हणजे आजीचंच बरोबर," प्रेमिला म्हणाली. रडली नाही. डावा हात तिनं मुकाट्यानं मांडीखाली घातला.

शोभाला ते पाहवेना. आपण लेकीशी खोटं बोललो? छे! नऊ वर्षांची असताना, याच मैदानात, तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

पडद्यावर जहाजवाल्यानं एका जहाजावरून दुसऱ्यावर झेप घेतली, वीजघराच्या चिमणीच्या दिशेनं. तेव्हाही तो चिमणीकडेच झेपावला होता. तिला पक्कं आठवत होतं. फक्त तेव्हा चिमणी तिच्या डाव्या अंगाला होती. आज उजव्या.

अगंबाई! तेव्हा बायका पडद्याच्या मागे बसायच्या. पुढची जागा पुरुषांची. आता कॉलनी सुधारली होती, बाया पोराबाळांना घेऊन पुढे बसत होत्या, आणि ती मागची बाजू कोणाच्या ध्यानातही उरली नव्हती.

"ऊठ," तिनं प्रेमिलाचा हात धरला आणि लोकांच्या पायांवर पाय देत, शिव्या खात, तिला पडद्याला वळसा घालून मागे नेलं.

तिथं गवतात पोतं टाकून जिजाबाई एकटीच बसली होती, शेजारच्या क्वार्टरातली म्हातारी.

"मावशी, तुम्ही इकडं काहून?"

"मी त्याले इकडूनच पाह्यला होता वं. तिकडून तो परका वाटते." जिजाबाईनं पडद्यावरची नजर काढली नाही. "बसा. बोलू नका."

इकडे अक्षरं उलटी होती. समुद्र फिकट, धुक्यातल्यासारखा. आणि त्या समुद्रावर जहाजवाला डाव्या हातानं लढत होता. शोभाचे डोळे भरून आले. हाच तो, तिचा! एका केसानंही म्हातारा झाला नव्हता. बापानं उलथन्यानं बोटं सुजवली, की पांघरुणाच्या आत ती याच्याशीच बोलायची.

प्रेमिला बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "पण आई, तिकडून तं तो उजवाच हाये ना. मग हा खरा कसा?"

पोर काही खुळी नव्हती. पडद्यावरचा माणूस, बसाल तिकडून तसा दिसायचा.

शोभानं गवतात पडलेली तुराटीची काडी उचलली. पदर खोचला. काडी डाव्या हातात आली मात्र, मनगट आपसूक वळलं. एक वार, दुसरा, वरून अडवलेला, खालून काढलेला. काडी हवेत सणसणली. पाऊलही चुकेना. तिला हसू येत होतं आणि रडूही.

"अवं शोभे!" जिजाबाईचा सिनेमा बाजूलाच राहिला.

प्रेमिलानं आ वासला. "आई, तू डावखुरी हाये?"

"होती," शोभा धापा टाकत म्हणाली. मग म्हणाली, "हाये."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. घरात हे तिनं कोणाला कळू दिलं नव्हतं. सासूला नाही, नवऱ्यालाही नाही.

प्रेमिलानं तिच्या हातातली काडी घेतली, आपल्या डाव्या हातात, आणि एकदा जोरात फिरवली. मग थांबून विचारलं,

"आजीले सांगू?"

पडद्याच्या पलीकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. सत्यवतीबाईंचा चेहरा शोभाच्या डोळ्यांपुढे आला, आणि चार बायकांत होणारी चर्चाही.

"सांग," ती म्हणाली. "बाबाले मी सांगीन."