पाठीकडचं अस्तर

"छातीले पातळ चालते, भाई. पाठीले जाड पाह्यजे," गोमतीबाई म्हणाल्या.

सैफुद्दीननं कातर खाली ठेवली. कंदील, डबे, गाळण्या करण्यात अख्ख्या कामरगावात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण रोमन शिपायाचं चिलखत त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. आता ते उदयसिंग मास्तरांच्या इतिहासाच्या पुस्तकात समोर होतं. मास्तर घरी शिकवायचे, ते चुलीपाशी ऐकून त्यांच्या बायकोला, गोमतीबाईंना, सगळं पाठ झालं होतं. लोखंडी पट्ट्या कौलांसारख्या एकीवर एक, आतून चामड्याच्या वाद्यांना ठोकलेल्या, अन् खाली जाड भरलेली बंडी.

"पण लढाईत वार तं समोरून येते," सैफुद्दीन म्हणाला.

"नाटकात चुकलेल्या शिपायाले सरदार लाठीनं मारते. मारणाऱ्याले भान राह्यत नाही. शाळेच्या सम्मेलनात कोणाचं हाड मोडू नये, भाई." त्यांनी गाठी मारलेली सुतळी पुढे केली. "हे माप. शिपाई अंगानं बारीक हाये. अन् मास्तरले सांगू नका. त्याईले अचानक दाखवाचं हाये."

सैफुद्दीनला गंमत वाटली. मास्तर म्हणजे देवमाणूस. काठी बगलेत धरून रस्त्यानं लहानथोरांना हात जोडत जाणारे.

पण जिवाला घोर लागला तो लागलाच. मागच्या साली त्यानं केलेल्या पत्र्याच्या मुकुटानं मेळ्यातल्या एका राजाचं कपाळ फाटलं होतं. या खेपेला कोणाला खरचटलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. प्रत्येक पट्टीची कड तो दुमडायचा, अंगठा फिरवायचा, पुन्हा ठोकायचा. जेवता जेवता उठायचा.

"काय चुळबुळ लावली? बसा ना जरा," बायको मेहरबी वैतागायची. अस्तराला जुन्या गोधडीचे चार पदर तिनंच शिवले होते.

पट्ट्या कापल्या होत्या त्या तुपाच्या डब्यांचा हिरवा रंग तो खरवडू लागला, तेव्हा गोमतीबाईंनी थांबवलं.

"राहू द्या. कोणाले दिसते?"

"शिपाई चमकाले नको?"

"नको. वाजालेबी नको."

वाजू नये म्हणून मेहरबीनं आणखी कापूस भरला. सैफुद्दीनच्या अंगात ते शिरेना, म्हणून तिनंच घालून पाहिलं. चपखल बसलं. आता मारून पाहायचं, तर सैफुद्दीनचा हात उठेना. शेवटी गोमतीबाईंनीच लाकडी मोगरी उचलली अन् तिच्या पाठीत दणका दिला.

"लागलं?"

"काई नाही! कोणी हात फिरवला वाटते," मेहरबी हसली.

गोमतीबाईंचे डोळे भरून आले. आपलं काम कोणाला इतकं आवडलं, याचंच सैफुद्दीनला भारी अप्रूप वाटलं. चिलखत पदराआड घेऊन त्या गेल्या.

पंधरा दिवस तो निरोपाची वाट पाहत राहिला. सोळाव्या दिवशी खुद्द मास्तरच दुकानात आले. त्यानं लगबगीनं पोतं झटकून बसायला दिलं. गुपित पोटात ठेवलं, पण विचारल्याशिवाय राहवेना.

"मास्तर, सम्मेलन कवा हाये?"

"यंदा नाही, भाई. पटांगणात नव्या खोल्या बांधून राह्यले. दोन महिने झाले, दिवाळीच्या आधीच रद्द केलं."

मास्तरांनी नेहमीसारखे हात जोडले, मग बगलेतले काठीचे दोन तुकडे त्याच्यापुढे ठेवले.

"याले पत्र्याची चांगली जाड पट्टी मारून द्या. परवा घरातल्या घरातच मोडली."