गुरुवारची लाट

गुरुवारी दुपारी लाइट गेली आणि अख्ख्या इमारतीतून आनंदाची आरोळी उठली. शाल्मलीचा मिक्सर मात्र अर्ध्या वाटणावर थांबला. लग्न होऊन नागपूरहून आलेल्या तिला हे समुद्राकाठचं शहर काही मानवलं नव्हतं. येत्या बुधवारचं माहेरचं तिकीटही तिनं काढून ठेवलं होतं.

“राहू दे ते वाटण,” दारामागची सर्फिंगची फळी काढत सासूबाई म्हणाल्या. “सहा दिवस समुद्रातली यंत्रं लाटा खातात, तेव्हा आपल्याला वीज मिळते. आजच्या लाटा आपल्या. कंपनीशी भांडून मिळवलाय हा वार आम्ही.”

एरवी परातीतल्या पाण्यासारखा निपचित पडणारा समुद्र आज उसळत होता. शाल्मली फळीवरून तीन-चारदा आपटली, नाकातोंडात पाणी गेलं. मग सासूबाईंनी फळीला मागून रेटा दिला आणि शाल्मली उभी राहिली, ती थेट वाळूपर्यंत तशीच आली.

अंधारताना शहरात दिवे आले, लाटा बसल्या आणि पाण्यातले सगळे हळहळले. सगळ्यांत मोठ्यानं शाल्मली.

“आता पुढच्या गुरुवारी,” सासूबाई म्हणाल्या.

शाल्मलीला बुधवारचं तिकीट आठवलं. केस पिळत ती म्हणाली, “तेव्हा वाटण सकाळीच करून ठेवते.”