रविवारची सुट्टी

उप्पिटाची ताटली भिंतीवर आपटली आणि तिसऱ्या आयेनंही कामाला रामराम ठोकला.

गारगोटी रस्त्यावरच्या त्या वृद्धाश्रमात तानाबाई आयांची मुकादम होती. ताटली तिनंच उचलली. फेकणाऱ्या रत्नव्वा कॉटवर बसून, कानडीत सुरू केलेली शिवी मराठीत पुरी करत होत्या.

आता आया टिकली नाही तर म्हातारीला घरी धाडायचं, असं विश्वस्तांनी निक्षून सांगितलं होतं. रत्नव्वांच्या लेकाला, मल्लेशला, तसा निरोपही गेला होता. तानाबाईच्या जिवाला ते लागलं. म्हातारीचं डोकं ठिकाणावर नव्हतं. डॉक्टरांना ती तलाठी म्हणायची आणि तानाबाईला रेशन दुकानवाली. घरात सून होती, पण ती एकदाही इकडं फिरकली नव्हती. तिच्या हाती म्हातारीचे हालच होणार.

दोनच दिवसांनी शांभवी काम मागायला आली. पगाराची घासाघीस नाही, कसली कुरकुर नाही. फक्त रविवारची सुट्टी हवी म्हणाली. तानाबाईनं तिला थेट रत्नव्वांपुढं उभं केलं. काय व्हायचं ते आजच होऊन जाऊ दे.

रत्नव्वा ताडकन उठून बसल्या. "इथंबी आलीस व्हय गं, भवाने?"

"मनावर घिऊ नको," तानाबाई कुजबुजली. "तुला सून समजत्यात त्या."

"समजू देत की," शांभवी म्हणाली. "माझं काय जातंय?"

आणि पोरगी टिकली. भाकरी जाड, चहा पांचट, माझ्या लेकाला फूस लावलीस, हे सगळं ती मान खाली घालून ऐकायची आणि बशीत चहा ओतून पुढं करायची. मिश्रीची डबी उशीच्या अभ्र्यात असते, हे तिनं पहिल्याच दिवशी ताडलं. शिव्या घालता घालता रत्नव्वा अख्खी भाकरी संपवायच्या. म्हातारी अंगानं भरली. माया कशाला म्हणतात ते हिच्याकडनं शिका, असं तानाबाई बाकीच्या आयांना ऐकवायची. शांभवीला तिनं कायम करून घेतलं.

रविवारी मात्र रत्नव्वा घासाला शिवायच्या नाहीत, नुसत्या दाराकडं बघत बसायच्या. मल्लेश डबा घेऊन यायचा, त्याच्याशीही धड बोलायच्या नाहीत.

एका रविवारी तानाबाईनं त्याला धरलंच. परकी पोर तुझ्या आईचं एवढं करते आणि तुझी बायको कुठं दडून बसलीय, असं तिनं तोंडावर विचारलं.

"एक डाव आण तिला हितं. आमच्या शांभवीच्या पायावर घालते."

मल्लेशचे कान लाल झाले. तो गडबडीनं निघाला आणि डबा विसरला.

डबा घेऊन तानाबाई मागं धावली. कोपऱ्यावर उसाच्या रसाच्या गाड्याआड त्याची स्कूटर उभी होती. मागच्या सीटवर शांभवी बसली होती. मल्लेशच्या हातात रसाचा गिलास देत ती विचारत होती, "आज मी न्हाई, मग तुमच्या आईनी शिव्या कुणाला घातल्या ओ?"